छतावरचा उजेड आणि खालची माणसं

एनबीएच्या बास्केटबॉल सामन्याची दोन छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. एकात खेळाडूच्या कपाळावरचा घामाचा थेंब सुटा दिसतो, लाकडी जमीन चकाकते, प्रेक्षक अंधारात मागे सरलेले असतात आणि खेळाडूच्या पायाशी चार बाजूंना चार फिकट सावल्या पडलेल्या असतात. दुसऱ्यात सगळंच सारखं उजळलेलं असतं. खेळाडू आणि मागचा प्रेक्षक यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ नसतो. पहिलं छायाचित्र छताला टांगलेल्या मोठ्या फ्लॅश दिव्यांवर, म्हणजे स्ट्रोबवर घेतलेलं असतं. दुसरं रिंगणाच्या नेहमीच्या दिव्यांवर.

हे स्ट्रोब कॅमेऱ्यावर बसवायच्या छोट्या फ्लॅशसारखे एकट्याचे नसतात. ते वर एकदा बसवले जातात, महिनोन्‌महिने तिथेच राहतात आणि यजमान संघाचा छायाचित्रकार, पाहुण्या संघाचा छायाचित्रकार, लीगचा माणूस असे अनेकजण ते आळीपाळीने वापरतात. अशा सामायिक वस्तूभोवती रिवाज तयार होतातच. या रिवाजांची गंमत अशी, की त्यांतले बहुतेक कोणाच्या मर्जीतून आलेले नाहीत. कपॅसिटर, रेडिओलहरी, गुरुत्वाकर्षण आणि माणसाचा डोळा यांनी ते घालून दिले आहेत. कारण समजलं की नियम पाठ करावा लागत नाही.

वर नेमकं काय असतं?

अमेरिकेतल्या मोठ्या रिंगणांच्या छताखाली लोखंडी पायवाटांचं जाळं असतं. त्याला कॅटवॉक म्हणतात. दिवे, ध्वनिक्षेपक, झेंडे, सगळ्यांची देखभाल तिथून होते. या पायवाटांच्या कठड्यांना, मैदानाच्या चार कोपऱ्यांच्या रोखाने, स्ट्रोबची हेड घट्ट बसवतात. प्रत्येक हेड जाड केबलने एका पॅकला जोडलेलं असतं. शिकागोच्या स्पीडोट्रॉन कंपनीचे २,४०० वॉट-सेकंदांचे पॅक या कामात अनेक वर्षं ठरलेले होते.

पॅक म्हणजे मुळात कपॅसिटरची पेटी. भिंतीतली वीज तो काही सेकंद साठवत राहतो आणि इशारा मिळताच क्षणात सोडून देतो. २,४०० वॉट-सेकंद ऊर्जा सेकंदाच्या पाचशेव्या भागात बाहेर पडली असं धरलं, तर त्या क्षणापुरती सरासरी शक्ती १,२०० किलोवॉट होते. इतकी ताकद लागते, कारण उजेडाला लांबचा पल्ला गाठायचा असतो. दिव्यापासूनचं अंतर तिप्पट झालं की उजेड एक नवमांश उरतो, आणि खाली २८.६५ मीटर लांब व १५.२४ मीटर रुंद मैदान उजळायचं असतं. आइस हॉकीचं मैदान तर ६१ मीटर लांब.

या तंत्राचा पाया एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात घातला. डोळ्याला न दिसणारी हालचाल गोठवणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्यांनी प्रयोगशाळेतून छायाचित्रकारांच्या हाती दिला. पुढे रंगीत फिल्म आली. ती फार मंद होती, तिला भरपूर उजेड लागे. बंदिस्त रिंगणात रंगीत आणि धारदार चित्र हवं असेल, तर छताला स्ट्रोब टांगण्यावाचून इलाज नव्हता.

पाळी

२५ मे १९६५. मेन राज्यातल्या लुइस्टन गावी मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत. पहिल्याच फेरीत लिस्टन पडला. अली त्याच्यावर ओरडत उभा राहिला, उजवा हात छातीसमोर वळलेला. बावीस वर्षांच्या नील लायफर यांनी ते रंगीत फिल्मवर टिपलं. क्रीडाछायाचित्रणातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी ते एक. उजेड बॉक्सिंग रिंगवर टांगलेल्या स्ट्रोबचा होता आणि ते पुन्हा भरायला काही सेकंद लागत. म्हणजे त्या क्षणासाठी लायफर यांच्याकडे फक्त एक फ्रेम होती. चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडच्या बाजूचा एक टकलू छायाचित्रकार दिसतो. ते हर्ब शार्फमन, लायफर यांच्याच ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाचे ज्येष्ठ सहकारी. त्यांच्या वाट्याला अलीची पाठ आली.

आजचे पॅक जास्त वेगाने भरतात, तरी पूर्ण ताकदीवर दोन-तीन सेकंद धरावेच लागतात. सगळ्या शिष्टाचाराचं मूळ या दोन-तीन सेकंदांत आहे. सामायिक विहिरीवर पंपाच्या पाळ्या का ठरतात? पाणी सगळ्यांचं असतं, पण एकाने उपसलं की झरे भरून येईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. स्ट्रोबच्या एका संचावर दोन छायाचित्रकार असतील तर तेच होतं. पहिल्याने बटण दाबलं आणि एका सेकंदाने दुसऱ्याने दाबलं, तर दुसऱ्याच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा येते. त्याची फ्रेम दीड स्टॉप काळोखी निघते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्याने मोजमाप बरोबर केलेलं असतं, फोकस नेमका असतो, क्षणही साधलेला असतो. चित्र मात्र वाया जातं.

यावरून पहिला नियम: कॅमेरा एकेरी फ्रेमवर ठेवायचा. ट्रान्समीटर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला असतो आणि शटर जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा तो वर इशारा पाठवतो. सेकंदाला दहा फ्रेमचा मारा केला तर पॅकला दहा आज्ञा जातात. पहिली पूर्ण पाळली जाते, पुढच्या नऊंना उरलासुरला उजेड मिळतो आणि पॅक तापतो तो वेगळाच. मारा करणाऱ्याला त्यातून एकच बरी फ्रेम मिळते. तेवढ्या वेळात दुसऱ्याला एकही नाही.

दुसरा नियम: चमक दिसली की बोट आवरायचं. पॅक भरल्याची खूण सांगणारा छोटा दिवा वर छतापाशी असतो, खालून तो दिसत नाही. म्हणून मुरलेले छायाचित्रकार मनातल्या मनात आकडे मोजतात. चमक स्वतःची असो वा दुसऱ्याची, मोजणी तिथून नव्याने सुरू होते.

तिसरा नियम प्राधान्यक्रमाचा. ज्याने संच बसवला, किंवा ज्याच्यासाठी रिंगणाने तो बसवून घेतला, त्याची पाळी पहिली. बाकीच्यांनी सामना सुरू होण्यापूर्वी विचारायचं आणि दोघांनी वाटणी ठरवून घ्यायची. एकाने एका टोकाच्या बास्केटवर, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाच्या बास्केटवर लक्ष ठेवलं की बरेच खटके टळतात, कारण चेंडू एका वेळी एकाच बाजूला असतो.

चॅनेल

रेडिओ ट्रिगर येण्यापूर्वी छतापासून मैदानापर्यंत लांबच लांब दुपदरी वायर सोडलेली असे आणि तिचं टोक कॅमेऱ्याला जोडलेलं असे. वायर ज्याच्या हातात, त्याचा फ्लॅश. वादाला जागाच नव्हती. मग व्हर्मॉंटच्या एलपीए डिझाइन कंपनीचे पॉकेटविझार्ड हे रेडिओ ट्रिगर आले. वायर गेली, फिरायला मोकळीक मिळाली, आणि हवा सामायिक झाली.

पॉकेटविझार्डच्या प्लस टू या लोकप्रिय मॉडेलवर चारच चॅनेल होते. मल्टिमॅक्सवर बत्तीस. मोठ्या सामन्याला लीगचा संच वेगळा, वृत्तसंस्थेचा वेगळा, मासिकाचा वेगळा, शिवाय बास्केटच्या काचेमागे किंवा छताला बसवलेले दूरस्थ कॅमेरे. प्रत्येकाला स्वतःचा चॅनेल लागतो. दोघे एकाच चॅनेलवर आले, तर एकाने बटण दाबल्यावर दुसऱ्याचे दिवे उडतात किंवा दुसऱ्याचा काचेमागचा कॅमेरा रिकाम्या बास्केटचे फोटो काढत सुटतो. ज्याचं नुकसान होतं त्याला कारण कळतही नाही. तो बॅटरी बदलतो, अँटेना हलवतो, आणि तोवर पहिला क्वार्टर संपून जातो.

म्हणून आल्या आल्या चॅनेल सांगायचा, दुसऱ्यांचे विचारायचे, लिहून ठेवायचे आणि सामन्याच्या मध्येच परस्पर बदलायचे नाहीत. नवा ट्रान्समीटर पेटीतून काढून तसाच पहिल्या चॅनेलवर सुरू करणं हा सर्वांत सहज घडणारा आगाऊपणा आहे. काम नसेल तेव्हा ट्रान्समीटर बंद ठेवायचा, हेही इथेच येतं. प्रशिक्षकाचा हावभाव किंवा प्रेक्षकांतला रंगवलेला चेहरा टिपायला छतावरचे दिवे लागत नाहीत. ट्रान्समीटर चालू राहिला तर ते उगाच उडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी उंच उडी घेऊन चेंडू बास्केटमध्ये आदळत असू शकतो.

परदेश दौऱ्यांत आणखी एक बाब येते. अमेरिकेतले पॉकेटविझार्ड ३४० ते ३५४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, युरोपसाठीचे ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एका देशात मोकळी असलेली लहर दुसऱ्या देशात दुसऱ्याच कोणाच्या कामाची असू शकते. एनबीए आता लंडन, पॅरिसला सामने नेते. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले. अशा वेळी छायाचित्रकाराने यजमान देशाचे लहरींचे नियम आधी पाहायचे असतात. शेजाऱ्याची फ्रेम वाचवण्याचा विवेक इथे कायद्याच्या रूपात भेटतो.

अनेक कॅमेरे आणि एकच फ्लॅश हा गुंता सोडवण्यात लॉस एंजेलिसच्या अँड्र्यू बर्नस्टीन यांचा वाटा मोठा आहे. लेकर्स संघाच्या कित्येक पिढ्या त्यांनी टिपल्या; २०१८मध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेमचा कर्ट गाउडी पुरस्कार त्यांना मिळाला. एका बटणावर काचेमागचा, वरचा आणि हातातला असे वेगवेगळे कॅमेरे एकाच चमकेत उघडले, तर एका चमकेत अनेक कोन मिळतात. शिष्टाचाराच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी काटकसर आहे, कारण सामायिक साठ्यातून एकदाच उपसा होतो.

दुसऱ्याच्या फ्रेममधली चमक

स्ट्रोब न वापरणाऱ्यांचं काय? मैदानाच्या कडेला बसलेल्यांपैकी बरेचजण रिंगणाच्या नेहमीच्या दिव्यांवरच काम करत असतात. थोडं गणित करू. समजा, त्यांची मांडणी आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याचा हळवेपणा) ३२००, भिंगाचं छिद्र एफ/२.८ आणि सेकंदाचा हजारावा भाग अशी आहे. स्ट्रोबवाल्याची आयएसओ २००, एफ/४ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग. स्ट्रोबवाल्याच्या फ्रेममध्ये नेहमीच्या दिव्यांचा उजेड फ्लॅशच्या एक अष्टमांश पडतो. तो नगण्य ठरतो, म्हणूनच हालचाल गोठते आणि प्रेक्षक अंधारात जातात. आता उलट बाजू पाहा. शेजाऱ्याचा कॅमेरा आयएसओमुळे सोळा पट आणि भिंगामुळे दुप्पट हळवा आहे. तीच चमक त्याच्या फ्रेममध्ये पाच स्टॉप जास्त, म्हणजे बत्तीस पट येते.

तीही पूर्ण फ्रेमभर येत नाही. नेहमीच्या शटरला दोन पडदे असतात. सेकंदाच्या अडीचशेव्या भागापर्यंत पूर्ण चौकट एका क्षणी उघडी असते. त्याहून वेगात पडद्यांमधली फट सरकत जाते. हजाराव्या भागाला ती फट चौकटीच्या साधारण पाव भागाएवढी. चमक त्या क्षणी आली तर चित्रात पांढरा पट्टा उमटतो, कधी नेमका खेळाडूच्या चेहऱ्यावर. सेकंदाला वीस फ्रेम घेणाऱ्याच्या शेकडो फ्रेममध्ये असे काही पट्टे येणारच, आणि ते मुकाट्याने सोसायचे हा व्यवसायातला अलिखित करार आहे. मात्र करार दोन्ही बाजूंचा आहे. स्ट्रोबवाल्याने कारणाशिवाय चमक सोडायची नाही. तपासणीच्या चमका दारं उघडण्यापूर्वी किंवा सरावाच्या वेळी, सांगून उडवायच्या.

या गणितातून स्ट्रोब वापरणाऱ्या नवख्यालाही धडा मिळतो. सवयीने शटर हजाराव्या भागावर ठेवून सामायिक दिवे उडवले तर स्वतःच्या चित्राचा तीन चतुर्थांश भाग काळा येईल आणि तोवर दुसऱ्यांच्या वाट्याच्या चमका खर्ची पडलेल्या असतील. शटरची मर्यादा घरून तपासून यायची.

उंची आणि वीज

कॅटवॉकवरचे नियम सर्वांत कडक आहेत, आणि त्यांत सवलत नाही. पंचवीस मीटरवरून सुटलेली वस्तू हवेचा विरोध सोडला तर ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर येते. पान्हा असो की भिंगाचं झाकण, खाली डोकी असतात. म्हणून वर जाताना खिसे रिकामे करायचे. प्रत्येक हेड, प्रत्येक पॅक, प्रत्येक कॅमेरा क्लँपशिवाय पोलादी सुरक्षा-केबलनेही बांधायचा. क्लँप सुटला तरी वस्तू लोंबकळत राहावी. प्रेक्षक आत आल्यावर वर जायचं नाही. दिवा बंद पडला तर तो सामना त्याच्याविना काढायचा.

दुसऱ्याच्या क्लँपला हात लावायचा नाही, हा याच नियमाचा धाकटा भाऊ. आपला दिवा बसवायला जागा नाही म्हणून शेजारचा चार बोटं सरकवला, तर त्याने तासन्‌तास बसून जुळवलेला रोख बिघडतो. वरची जागा किती मोलाची असते हे लायफर यांच्याच दुसऱ्या चित्रावरून कळतं. १४ नोव्हेंबर १९६६ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अलीने क्लीव्हलँड विल्यम्सला पाडलं, तेव्हा लायफर यांचा एक कॅमेरा बॉक्सिंग रिंगच्या बरोबर वर, ऐंशी फूट उंचीवर बसवलेला होता. पांढऱ्या चौकोनात आडवा पडलेला विल्यम्स आणि कोपऱ्याकडे निघालेला अली हे दृश्य त्या कॅमेऱ्याखेरीज कोणालाही मिळणं शक्य नव्हतं.

विजेचा हिशोबही सामायिक असतो. २,४०० वॉट-सेकंद तीन सेकंदांत भरायचे तर किमान ८०० वॉट हवेत. गळती आणि सुरुवातीचा जोर धरला तर त्याहून बरेच जास्त. अमेरिकेच्या १२० व्होल्टवर २० अँपिअरचं सर्किट सर्रास असतं. एकाच सर्किटवर दोन-तीन पॅक एकदम भरू लागले तर फ्यूज-स्विच पडतो, आणि तो वर चढून उचलायला सामन्यात कोणी जाऊ शकत नाही. म्हणून एका सर्किटला एक पॅक. कोणतं सर्किट घ्यायचं हे रिंगणाच्या इलेक्ट्रिशियनला विचारूनच ठरवायचं. त्याच सॉकेटवर ध्वनिक्षेपकाचं काही जोडलेलं असेल तर सगळ्या प्रेक्षकागारात प्रत्येक चमकेसरशी टकटक ऐकू येईल.

खेळणाऱ्याचा डोळा

इतकी प्रखर चमक खेळाडूंना चालते कशी? एक तर ती उंचावरून, कोपऱ्यांतून येते. समोर पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत ती नसते. दुसरं, ती क्षणभंगुर असते, आणि आधीच उजळलेल्या रिंगणात डोळ्याची बाहुली आकसलेली असते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश याहून कितीतरी दुबळा, तरी तो मैदानावर वर्ज्य आहे, कारण तो थेट डोळ्यांच्या पातळीवरून येतो.

काही खेळांत कोणताच फ्लॅश चालत नाही. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्ये नजर सतत वर-खाली, वेगवान आणि लहान वस्तूमागे असते. जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमध्ये हवेत गिरकी घेताना खेळाडू जमिनीचा अंदाज डोळ्यांनीच घेत असतो. तिथे अर्ध्या क्षणाचा चकवा दुखापतीला कारण होऊ शकतो. छायाचित्रकाराने ‘माझे दिवे उंचावर आहेत’ असा युक्तिवाद तिथे करायचा नसतो.

प्रेक्षकांचाही विचार आहेच. सामन्याआधी दिवे मालवून खेळाडूंची ओळख करून देतात, त्यासाठी प्रकाशयोजना बसवलेली असते. त्या अंधारात छतावरचे स्ट्रोब उडवले तर सगळा देखावा पुसला जातो, आणि अंधाराला सरावलेल्या हजारो डोळ्यांसमोर ठिपके नाचतात. राष्ट्रगीताच्या वेळी हात आवरण्याला तर स्पष्टीकरणही लागू नये.

पुढे काय?

छतावरचे हे स्ट्रोब आता कमी होत आहेत. आजचे कॅमेरे आयएसओ ६४०० वरही स्वच्छ चित्र देतात, आणि रिंगणांत मेटल हॅलाइड दिवे जाऊन प्रखर एलईडी आले आहेत. या प्रखरतेने स्ट्रोबची एक जुनी सोयही घटवली: नेहमीचे दिवे दुप्पट प्रखर झाले की वरच्या गणितातला एक अष्टमांश एक चतुर्थांश होतो, आणि हलणाऱ्या हाताभोवती फिकट भुताटकी दिसू लागते. नोव्हेंबर २०२३मध्ये सोनीने ए९ थ्री जाहीर केला. त्याचा संवेदक संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचतो, पडद्याची सरकती फट त्यात नाही. पांढरा पट्टा, काळा भाग, अडीचशेव्या भागाची मर्यादा या तिन्ही गोष्टी त्या कॅमेऱ्यापुरत्या निकालात निघाल्या.

त्याबरोबर काही नियमही जातील. चॅनेल वाटण्याची कटकट नवी रेडिओयंत्रं कमी करतील, शटरची ताकीद द्यावी लागणार नाही. पण कपॅसिटर भरायला वेळ लागणार, सुटलेला पान्हा खालीच येणार आणि गिरकी घेणाऱ्या खेळाडूला जमीन दिसायला हवीच. छायाचित्रकाराने कोणत्याही नव्या रिंगणात पाऊल ठेवल्यावर चार प्रश्न विचारावेत: हे दिवे कोणाचे आहेत, पाळी कशी आहे, चॅनेल कोणता आणि या खेळात चमक चालते का? उत्तरं रिंगणागणिक बदलतील. ती घेतल्याशिवाय पहिली चमक उडवायची नाही, एवढं मात्र सगळीकडे सारखं आहे.